पत्त्यातलं 'मार्फत'

लालबागच्या काकींची फाइल परवा पुन्हा काढली, पुढच्या तारखेची तयारी करायची होती, आणि पहिलंच पान उघडल्यावर पोटात खड्डा पडला. इतकी वर्षं झाली तरी पडतो. त्या पानावर प्रतिवादीचा पत्ता आहे: अमुक अमुक प्रायव्हेट लिमिटेड, मार्फत अमुक एजन्सीज, नागदेवी स्ट्रीट, मुंबई ४०० ००३. हा पत्ता मी टाइप केलाय. २०१९ मध्ये मी सरांच्या चेंबरला ज्युनियर वकील होते, दाव्याचा मजकूर सरांचा पण टायटल, पत्ते, कागदांची यादी हे सगळं माझ्याकडे, आणि त्या एका 'मार्फत'मुळे काकींची चार वर्षं गेली.

काकींना विचारून लिहितेय. नावं कुणाचीच देणार नाही, कंपनीचं नाही, दुकानाचं नाही. लिहितेय कारण अजूनही महिन्यातून एखादा तरी माणूस असाच पत्ता घेऊन येतो, मॅडम कंपनी बाहेरची आहे पण तिचा डिस्ट्रिब्युटर इथेच आहे ना, त्यालाच देऊन टाकू समन्स, आणि दरवेळी मला काकी आठवतात.

काकींचा मसाल्याचा धंदा आहे. मार्च ते मे मध्ये लालबागच्या मसाला गल्लीत ज्यांनी एकदा तरी पाय ठेवलाय त्यांना सांगायला नको, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरीचे ढीग, सगळीकडे शिंका, डंकाची धडधड आणि बायका आपापली यादी आणि पिशव्या घेऊन रांगेत उभ्या. वर्षाचा मसाला त्या दिवसांत होतो आणि धंदेवाल्यांची वर्षाची कमाई पण त्याच दिवसांत होते. काकींनी फेब्रुवारी २०१८ मध्ये सीझनच्या तोंडावर एक मोठा पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं मशीन, घेतला, ६ लाख ४० हजारांना, त्यातले अर्धे पैसे पतपेढीचं कर्ज. मशीन बनवणारी कंपनी तामिळनाडूतली. घेतलं नागदेवीच्या दुकानातून. दुकानावर कंपनीच्या नावाचा भला मोठा बोर्ड, त्याखाली बारीक अक्षरात 'अधिकृत वितरक', आणि त्याच्याही खाली अजून बारीक अक्षरात दुकानाचं स्वतःचं नाव.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मशीन तापायला लागलं. मिरची आत टाकताना लालभडक आणि बाहेर येताना विटकरी काळी, वास करपलेला, नाकाला झोंबायचं सोडून जळकट लागायचा. आणि ही मिरची गिऱ्हाइकांची होती. काकींनी स्वतःच्या पैशाने मिरची आणून लोकांना मसाला भरून दिला, एकीलाही परत पाठवलं नाही. कंपनीचा मेकॅनिक दोनदा आला, बेअरिंग बदलून गेला, तिसऱ्या वेळी फोनच उचलला नाही. काकींनी त्या करपलेल्या मसाल्याची एक काचेची बरणी भरून ठेवली आणि झाकणावर तारीख चिकटवली. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्या डोक्याने ठेवली.

केस करायची ठरली तेव्हा काकींनी एकच अट घातली, नागदेवीच्या शेठला यात ओढायचं नाही. "त्याने काय केलंय गं बाय, तो पण दहा वेळा कंपनीला फोन करून थकला." सरांनी मान्य केलं. म्हणजे प्रतिवादी एकटी कंपनी. मग पत्ता कुठला घालायचा, तर सर म्हणाले की बोर्ड कंपनीचा आहे, अधिकृत आहे, इथेच लागेल समन्स, तामिळनाडूला पाठवलं तर सहा महिने त्यातच जातील. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मी बिलाकडे नीट बघितलंच नाही, बोर्डाचा फोटो बघितला आणि 'मार्फत' टाइप केलं.

या शब्दाचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही कारण आमच्या घरात तो रोजचा होता. माझे आजोबा गिरणीत होते, लालबागच्याच चाळीत एका खोलीत पंधरा-सोळा माणसं, पाळीपाळीने झोपायची, आणि गावाहून पत्र यायचं ते 'मार्फत' खोलीवाल्याच्या नावाने. ते पत्र पोचायचंच. आजोबा रात्रपाळीला असले तरी सकाळी उशाला ठेवलेलं असायचं, कारण खोलीवाला म्हणजे गाववाला, पत्र दाबून ठेवलं तर गावात तोंड दाखवता आलं नसतं त्याला. पण दुकानदार आणि कंपनी यांच्यात असलं कुठलं नातं नसतं, हे मला कळायला २०२३ उजाडलं.

झालं काय ते थोडक्यात सांगते. तीन लाखांच्या वरचा धंद्यातला वाद म्हणजे कमर्शियल सूट, त्यात तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. त्याची नोटीस पण त्याच नागदेवीच्या पत्त्यावर गेली, कुणी आलं नाही, 'नॉन-स्टार्टर'चा, म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही असा, रिपोर्ट मिळाला. मग सिटी सिव्हिल कोर्टात दावा, मग समन्स. बेलिफ, म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणारा माणूस, दुकानात गेला, काउंटरवरच्या मुलाने घेतलं, शिक्का मारून सही केली. तो शिक्का मला आजही डोळ्यासमोर दिसतो, चौकोनी, जांभळी शाई, डावीकडे थोडी पुसट, 'अमुक एजन्सीज करिता' आणि खाली नुसती आडवी रेघ ओढल्यासारखी सही. त्या शिक्क्यात कंपनीचं नाव कुठेही नव्हतं. मी तो कागद हातात धरून बघितला होता आणि मला फक्त 'मिळालं' एवढंच दिसलं.

कंपनी आली नाही. कमर्शियल सूटमध्ये लेखी जबाबाला ३० दिवस आणि फार तर फार १२० दिवस, त्यानंतर तो हक्क जातो. १२० दिवस गेले, काकींचं पुराव्याचं अफिडेव्हिट झालं, फेब्रुवारी २०२० मध्ये एकतर्फी निकाल लागला, पूर्ण रक्कम व्याजासकट. काकी पेढे घेऊन चेंबरला आल्या. पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागला आणि सगळंच थांबलं. कोर्टं सुरळीत झाल्यावर डिक्री, म्हणजे त्या निकालाचा हुकूमनामा, तामिळनाडूच्या कोर्टात ट्रान्सफर करून घेतली, तिथून जप्तीची नोटीस कंपनीच्या फॅक्टरीवर गेली, आणि मग कंपनी लगेच आली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर ९ रूल १३ खाली एकतर्फी डिक्री रद्द करायचा अर्ज, की आम्हाला समन्स मिळालंच नाही, आज जप्तीच्या नोटिशीने कळतंय की मुंबईत आमच्यावर काही दावा होता. अशा अर्जाला डिक्रीपासून ३० दिवसांची मुदत असते, पण समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर ते ३० दिवस कळल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणजे डिक्री दोन वर्षं जुनी असली तरी ती हलू शकते, आणि आमची हलली. ऑगस्ट २०२३ मध्ये डिक्री रद्द झाली, दावा परत पहिल्या पायरीवर.

त्या दिवशी जज साहेबांनी आम्हाला फार काही विचारलं नाही. बिल कुणाचं? दुकानाचं. पैसे कुणाच्या खात्यात गेले? दुकानाच्या. दुकानदाराने स्वतःच्या भावाने विकलं की कंपनीने ठरवलेल्या कमिशनवर? आमच्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीने मात्र करारच काढून दाखवला, त्यात 'प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल' असं स्पष्ट लिहिलेलं, म्हणजे दुकान कंपनीकडून माल स्वतःच्या पैशाने विकत घेतं आणि स्वतःचा म्हणून पुढे विकतं, कंपनीच्या वतीने काही करत नाही. शेठचं पण अफिडेव्हिट आलं, की मुलाने कागद घेतला, मला वाटलं माझ्या नावाचं नाही म्हणजे माझ्या कामाचं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मला राग आला होता तेव्हा. आता येत नाही, त्याच्यावर ते पुढे पाठवायची कायद्याने कुठलीच जबाबदारी नव्हती.

आता कायदा काय म्हणतो ते माझ्या भाषेत सांगते. कंपनीला समन्स द्यायचं तर त्याच संहितेत ऑर्डर २९ रूल २ आहे, सेक्रेटरी, डायरेक्टर किंवा तसाच मोठा अधिकारी याच्या हातात द्या, नाहीतर रजिस्टर्ड ऑफिसला पोचवा किंवा पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड ऑफिसच नसेल तर जिथे धंदा चालतो तिथे. यात वितरक हा शब्द कुठेही नाही. शालिमार रोप वर्क्सच्या केसमध्ये १९८० साली समन्स कंपनीतल्याच एका ऑफिस असिस्टंटच्या हाती पडलं होतं, तेही सुप्रीम कोर्टाने पुरेसं मानलं नाही आणि एकतर्फी डिक्री उडाली. कंपनीचा स्वतःचा नोकर असून ही कथा, तर मग नागदेवीच्या काउंटरवरचा मुलगा कुठे बसतो ते बघा.

पण म्हणजे वितरकाच्या हाती दिलेलं समन्स कधीच चालत नाही असं मात्र नाही, आणि इथेच लोकांची गफलत होते, वकिलांची पण होते. ऑर्डर ५ रूल १३ म्हणून एक नियम आहे. प्रतिवादी कोर्टाच्या हद्दीत राहत नसेल, दावा धंद्याबद्दलचा असेल, आणि त्या हद्दीत त्याचा धंदा त्याच्यासाठी स्वतः चालवणारा मॅनेजर किंवा एजंट असेल, तर त्याला दिलेलं समन्स चालतं. सर ज्या भरवशावर होते तो हाच नियम. पण सगळा जोर 'त्याच्यासाठी' या शब्दावर आहे. ऑर्डर ३ मध्ये मान्यताप्राप्त एजंट सांगितलाय तिथे तर अजून स्पष्ट आहे, पक्षकाराच्या वतीने आणि पक्षकाराच्या नावाने धंदा करणारा. नागदेवीचा शेठ कंपनीचा माल विकत होता, पण धंदा स्वतःचा करत होता. माल अंगावर पडला तर नुकसान त्याचं, भाव वाढला तर फायदा त्याचा.

हा फरक कोर्टांनी दुसऱ्या कारणाने फार वेळा तपासलाय, टॅक्सच्या केसेसमध्ये. १९७७ च्या भोपाळ शुगर इंडस्ट्रीजच्या निकालात प्रश्न पेट्रोल पंपाचा होता, पंपवाला तेल कंपनीचा एजंट की खरेदीदार, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसता 'एजंट' शब्द वापरला म्हणून कुणी एजंट होत नाही, एजंट विकतो तो मालकाचा माल, स्वतःचा नाही. २०२४ मध्ये भारती सेल्युलरच्या केसमध्ये प्रीपेड सिम विकणाऱ्या डिस्ट्रिब्युटरबद्दल पुन्हा तेच, ते कंपनीचे एजंट नाहीत, स्वतंत्र धंदेवाले आहेत, म्हणून त्यांच्या मार्जिनला कमिशन म्हणून टीडीएस लागू होत नाही. या दोन्ही केसेसमध्ये समन्सचा संबंध नाही, पण नातं कसं ओळखायचं त्याची कसोटी तीच. आणि बोर्डावरचं 'अधिकृत' त्या कसोटीत फार काही मोजलं जात नाही.

आमच्याकडे एक मुद्दा होता, तो मला अजूनही चांगला वाटतो. वॉरंटी कार्ड कंपनीचं होतं आणि त्यावर छापलं होतं की सर्व्हिससाठी आमच्या अधिकृत वितरकाशी संपर्क करा. म्हणजे विक्री दुकानाची असेल पण वॉरंटीचं काम तरी तो कंपनीसाठी करत होता की नाही, आणि आमचा दावा वॉरंटीचाच होता. आम्ही हे मांडलं. पण मेकॅनिक कंपनीने तिथून पाठवला होता, दुकानाने फक्त फोन लावून दिला होता, त्यामुळे तेवढ्यावर टिकलं नाही. दुकानातच कंपनीच्या खर्चाने सर्व्हिस सेंटर चालत असतं, तिथल्या पावत्या कंपनीच्या नावाने फाटत असत्या, तर मला वाटतं उत्तर वेगळं आलं असतं.

एलएलएमला आम्हाला अमेरिकेच्या केसेस होत्या, तेव्हा नुसत्या पाठ केल्या आणि डिक्री रद्द झाल्यावर परत काढून वाचल्या. तिथे प्रत्येक राज्य वेगळं, त्यामुळे बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला कोर्टात कसं आणायचं हा त्यांचा फार जुना प्रश्न. १९४५ ची इंटरनॅशनल शू कंपनीची केस, कंपनी सेंट लुईसची, वॉशिंग्टन राज्यात तिचं ऑफिस नाही, गोदाम नाही, फक्त अकरा ते तेरा सेल्समन. त्यांच्या बॅगेत सॅम्पल म्हणून जोडीतला एकच बूट असायचा. ऑर्डर घ्यायची आणि सेंट लुईसला पाठवायची, मंजूर तिथेच होणार. बेकारी विम्याच्या वर्गणीसाठी राज्याने नोटीस काढली ती एका सेल्समनच्या हातात दिली, आणि शिवाय सेंट लुईसच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवली. सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवलं. ही केस सगळे शिकतात ती कोर्टाच्या अधिकारासाठी, आम्हीही तेवढ्यासाठीच शिकलो, पण मला दुसऱ्यांदा वाचताना दिसली ती दुसरी नोटीस, रजिस्टरने गेलेली. सेल्समन तर कंपनीनेच नेमलेले होते, तरीसुद्धा त्यांनी पोस्टाने वेगळी पाठवलीच.

आमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची केस मात्र कॅलिफोर्नियाची, १९५९ ची, स्मिथ अँड वेसन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीवर. कंपनी मॅसॅच्युसेट्सची, रिव्हॉल्व्हर फुटून एक माणूस जखमी झाला, त्याने कॅलिफोर्नियात दावा लावला आणि समन्स दिलं कंपनीच्या तिथल्या विक्री प्रतिनिधीला. तो कंपनीचा नोकर नव्हता, स्वतंत्र होता, कमिशनवर काम करायचा. तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते समन्स मान्य केलं, कारण त्याचं आणि कंपनीचं येणंजाणं इतकं नियमित होतं की कागद त्याच्या हातात पडला म्हणजे बातमी कंपनीपर्यंत पोचणारच. हे वाचून मला आधी वाईट वाटलं, काकींचा दावा तिथे असता तर कदाचित टिकला असता. पण त्यांच्या कायद्यात त्या राज्यातला कंपनीचा 'जनरल मॅनेजर' असा शब्द होता आणि कोर्टाने त्याचा अर्थ सैल लावला. आपल्याकडे शब्द वेगळे आहेत आणि तिकडच्या निकालावर इथे डिक्री टिकवता येत नाही.

मग करायचं काय. मी आता कुठलीही अशी केस आली की सगळ्यात आधी बिल मागते, करार नंतर. बिलावर जीएसटी नंबर असतो, १५ अक्षरांचा, आणि तो वाचता आला की अर्धं काम होतं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, तामिळनाडू ३३, गुजरात २४. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन नंबर, जसाच्या तसा. पॅनचं चौथं अक्षर म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर, ते 'पी' असेल तर मालक एकटा माणूस, 'एफ' असेल तर भागीदारी फर्म, 'सी' असेल तर कंपनी. काकींच्या बिलावर २७ आणि सहावं अक्षर 'पी'. म्हणजे ते दुकान एका माणसाच्या मालकीचं, कंपनीची शाखा असणं शक्यच नव्हतं. कंपनीची स्वतःची मुंबई शाखा असती तर नंबर २७ ने सुरू झाला असता पण पुढचा पॅन कंपनीचाच असता, तामिळनाडूच्या ३३ वाल्या नंबरात असतो तोच. हे मला दोन मिनिटांत कळलं असतं, बिल फाइलमध्येच होतं, पान १७ वर. फक्त बिलावरून एजंट की खरेदीदार हे शंभर टक्के ठरत नाही, एजंट पण स्वतःच्या नावाने बिल देऊ शकतो, पण शाखा आहे की नाही एवढं तरी स्वच्छ कळतं.

दुसरं, कंपनीच्या लेटरहेडवर, बिलावर तिचं नाव, रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, फोन, ईमेल छापणं कंपनी कायद्याच्या कलम १२ ने सक्तीचं आहे. वॉरंटी कार्डाच्या मागे, मशीनसोबतच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा सापडतं. तो पत्ता घ्यायचा आणि कंपनी मंत्रालयाच्या साइटवर ताडून बघायचा, कारण कंपन्या ऑफिस हलवतात आणि जुनी पुस्तिका तशीच वाटत राहतात. मग समन्स त्या पत्त्यावर कोर्टामार्फत, पोस्टाने, आणि ईमेलने सुद्धा, जे जे कोर्ट परवानगी देईल ते सगळं. दुसऱ्या राज्यातल्या प्रतिवादीला तिथल्या कोर्टाकडून समन्स बजावून घेता येतं, सीपीसीचं कलम २८ आहे त्याला, वेळ लागतो हे खरं, पण सर ज्या सहा महिन्यांना घाबरले ते सहा महिने खर्च केले असते तर काकींचे पैसे कधीच आले असते. पोस्टाने गेलेलं पाकीट पोचलं असं कायदा धरून चालतो, जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ प्रमाणे, पण त्याची पहिली अट पत्ता बरोबर असण्याची. आणि कंपनीने पाकीट नाकारलं तर ते मिळालं असंच धरतात. दुकानदाराने नाकारलं तर त्याने फक्त स्वतःपुरतं नाकारलं.

वितरकाला वेगळं पाठवा, जरूर पाठवा, पण कंपनीच्या ऐवजी नाही. आणि ज्याने विकलं त्याला प्रतिवादी करायचं की नाही हा निर्णय मन कठोर करून घ्यावा लागतो. मला काकींची माया कळते, शेठने त्यांना चहा पाजला होता, त्यांच्यासाठी फोन केले होते. पण कायद्याच्या नजरेत विक्रीचा करार काकी आणि दुकान यांच्यात झाला होता, माल कामाचा नाही निघाला तर पहिलं उत्तर विकणाऱ्याने द्यायचं असतं. त्याला दाव्यात घेणं म्हणजे त्याला चोर म्हणणं नव्हे, हे आम्ही काकींना बसवून सांगायला हवं होतं. २०२३ ला त्याला सामील करायचं म्हटलं तर मुदत निघून गेली होती, कोविडची सूट धरून सुद्धा.

घरगुती वस्तूंच्या बाबतीत, म्हणजे मिक्सर, गिझर, स्कूटर, किंवा स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवायचं छोटं मशीन असेल तर, ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त सोपा आहे आणि त्यात एक चांगली सोय आहे. २०१९ चा नवा ग्राहक कायदा, जुलै २०२० पासून लागू, त्यात आता तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. आणि कलम ८६ असं आहे की सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झालं आणि बनवणाऱ्याला नोटीस बजावताच येत नसेल, किंवा तो कोण हेच माहीत नसेल, किंवा त्याच्यावर आपला कायदाच चालत नसेल, तर विकणाऱ्याने भरून द्यायचं. हे कलम ज्याने लिहिलं त्याला लोकांची अडचण नेमकी कळली होती. परदेशी मालाच्या बाबतीत तर हे फारच उपयोगी, कारण परदेशी कंपनीला समन्स द्यायचं म्हणजे हेग करार, दुसऱ्या देशात कोर्टाचे कागद बजावण्याबद्दलचा, भारतात २००७ पासून लागू, कागद सरकारी मार्गाने तिकडे जाणार, भाषांतर होणार, मग तिथला अधिकारी बजावणार. त्या कंपनीने भारतात स्वतःची शाखा नोंदवलेली असेल तर मात्र समन्स घ्यायला इथे राहणाऱ्या माणसाचं नाव तिला रजिस्ट्रारकडे द्यावंच लागतं, ते शोधा.

आणि नागदेवी, लोहार चाळ, मस्जिद बंदर भागातले कुणी दुकानदार वाचत असतील तर त्यांनाही सांगायचंय. दुसऱ्याच्या नावाचं समन्स आलं तर काउंटरवरच्या मुलाला शिक्का मारायला देऊ नका. बेलिफला शांतपणे सांगा, लेखी द्या, की आम्ही या कंपनीचे खरेदीदार आहोत, तिच्या वतीने कोर्टाचे कागद घ्यायचा अधिकार आम्हाला नाही, आणि माहीत असेल तर कंपनीचा पत्ता लिहून द्या. तुमच्या त्या दोन ओळींनी बेलिफचा रिपोर्ट बदलतो, समोरच्याला वेळेत कळतं की पत्ता चुकलाय. शेठने त्या दिवशी हे केलं असतं तर आम्ही २०१९ मध्येच पत्ता दुरुस्त केला असता. तो वाईट माणूस नाही, त्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

काकींना डिक्री रद्द झाल्याचं मीच सांगायला गेले होते. सर म्हणाले फोन कर, पण मला फोनवर सांगवेना. गल्लीत सीझन नव्हता, दुकान अर्धं बंद, काकी हळकुंडं निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं की पत्ता मी लिहिला होता. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग विचारलं की आता तरी बरोबर पत्ता लिहिला का. मी म्हटलं आता गरज नाही काकी, आता कंपनीचा वकील समोर उभा आहे. त्या म्हणाल्या तरी लिहून ठेव.

लिहून ठेवलाय. फाइलच्या पहिल्या पानाच्या मागच्या बाजूला, माझ्या अक्षरात, तामिळनाडूचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट.

आता कंपनीचा लेखी जबाब आलाय, त्यांचं म्हणणं आहे की काकींनी मशीनमध्ये ओली मिरची टाकली. पुढच्या तारखेला त्यांच्या मेकॅनिकची उलटतपासणी आहे, तोच जो दोनदा येऊन बेअरिंग बदलून गेला. त्याला मी पहिल्यांदा ती बरणी दाखवणार आहे. मसाल्याचा रंग आता पार मातकट झालाय, झाकणाची पट्टी पिवळी पडलीये, पण काकींनी लिहिलेली तारीख वाचता येते, १४ एप्रिल २०१८.